टोपीची नाती, टोपीचं पथ्य

संग्रहालयात तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत. नोकरीला लागली तेव्हा तिचं काम एकच होतं. प्रत्येक वस्तूच्या पायाला, मानेला, नाहीतर जिथे दोरा बसेल तिथे एक चिठ्ठी बांधायची, आणि तिच्यावर बारीक वळणदार अक्षरात ती वस्तू काय, कुठली, कोणी दिली ते लिहायचं. पुढे बढती मिळाली, दारावर ‘नोंदणीप्रमुख’ अशी पाटी लागली, पण नाव काही बदललं नाही. तिलाही ते बदलून नको होतं. पाटी काय, कुणाच्याही दारावर लागते, असं ती म्हणायची.

आणि संग्रहालय तरी कसलं! दुसरीकडे कसं, एक तर चित्रांचं असतं, नाहीतर नाण्यांचं, नाहीतर हाडांचं. हे ज्या डॉक्टरांनी सुरू केलं त्यांना नाही म्हणणं जमत नसे. बऱ्या झालेल्या रोग्याने कृतज्ञतेने नांगर आणून दिला, ठेवून घेतला. कुणा शिकाऱ्याच्या बायकोने नवरा गेल्यावर घरातले पेंढा भरलेले पक्षी एकदाचे बाहेर काढले, तेही ह्यांनीच घेतले. दगड आले, वाद्यं आली, जरीचे कपडे आले, चित्रं आली. डॉक्टर गेले आणि मागे एकाच छपराखाली हा सगळा गोतावळा राहिला. बाहेरचे तज्ज्ञ आले की गालातल्या गालात हसायचे. चिठ्ठीताईच्या ते डोक्यात जायचं. “माणसाच्या घरात काय नुसते चमचेच असतात का?” असं तिने एका प्राध्यापकांना तोंडावर विचारलं होतं, आणि प्राध्यापकांनी चहा अर्धा टाकून निरोप घेतला होता.

प्रत्येक विभागाचा आपापला राजा. पक्ष्यांच्या खोलीत पक्षीकाका. हातमोजे घातल्याशिवाय ते स्वतःच्या बायकोलाही कपाटाला हात लावू देत नसत. त्यांच्या शेजारी कपड्यांच्या खोलीत शिवणकाकू. त्यांचा कायदा नेमका उलटा: हात स्वच्छ धुवा, कोरडे करा, अंगठ्या-बांगड्या काढा आणि उघड्या हातांनीच कापड उचला, कारण मोज्याचा सुती धागा जरीत अडकतो. दगडवाले मामा दगड ओळखायला जिभेला लावून बघत. तसं सगळेच दगडवाले करतात म्हणे, पण त्यामुळे मामांनी दिलेला चहाचा कप घेताना लोक जरा कचरत. चित्रं, वाद्यं आणि हत्यारं सांभाळणारे तिघे होते, तेही आपापल्या जागी हट्टी. सहा खोल्या, सहा रिवाज, आणि एकाचा रिवाज दुसऱ्याला विचाराल तर माहीत नाही.

संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांना मोघम उत्तरांची चीड. “दर वर्षी मी विचारते, आपल्याकडे नक्की काय काय आहे? आणि दर वर्षी सहा जण सहा उत्तरं देतात,” असं म्हणून त्यांनी शेवटी फर्मान काढलं. संग्रहाची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर घ्यायचं आणि वार्षिक बैठकीपर्यंत सगळा संग्रह त्यात एकत्र बसवून दाखवायचा. बसला तर उत्तम. नाही बसला, तर ह्या गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत असं समजायचं आणि पक्षी आणि दगड दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाच्या गोदामात पाठवायचे.

चिठ्ठीताईची नोकरी पक्ष्यांच्याच खोलीत सुरू झाली होती. त्या प्रत्येक बगळ्याच्या, घुबडाच्या, घारीच्या पायात जी चिठ्ठी होती ती तिच्या हातची होती. लग्न ठरल्याचा निरोप तिला त्याच खोलीत मिळाला, मुलगी पोटात असताना मळमळ व्हायची तेव्हा ती त्याच खिडकीशी जाऊन उभी राहायची. ते पक्षी खोक्यांत बंद होऊन कुठल्याशा गोदामात जाणार, ही कल्पनाच तिला सोसवेना. म्हणून संचालकांनी “हे सॉफ्टवेअरचं काम कोण अंगावर घेणार?” असं विचारलं आणि बाकीचे छताकडे बघू लागले, तेव्हा तिने हात वर केला.

सॉफ्टवेअर आलं. चांगलं होतं, नाही असं नाही. फक्त ते चित्रसंग्रहालयांसाठी बनवलेलं होतं. चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, रंगाचा प्रकार, चौकटीचं माप: हे रकाने भरल्याशिवाय ते पुढे सरकायचंच नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यात घुबडाची नोंद झाली ती अशी: चित्रकार माहीत नाही, शीर्षक घुबड, रंगाचा प्रकार तपकिरी. नांगराला चौकट कुठून आणायची म्हणून हत्यारंवाल्यांनी दाराची मापं घातली. दगडवाल्या मामांनी चित्रकाराच्या रकान्यात सरळ ‘ज्वालामुखी’ असं लिहून टाकलं. संचालकांनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं नाही.

सॉफ्टवेअर कंपनीचे इंजिनीअर म्हणजे पन्नाशीचे, केस कमी आणि सौजन्य भरपूर असे गृहस्थ होते. चिठ्ठीताईने त्यांना फोन करकरून भंडावून सोडलं. पक्ष्याला चौकट नको, पंखाची लांबी हवी. दगडाला वजन हवं. वाद्याला तार किती, कातडं कशाचं, हे हवं. इंजिनीअर बिचारे प्रत्यक्ष आले, तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि दोघांनी मिळून प्रत्येक विभागाचे रकाने वेगळे केले. वस्तू कुठल्या विभागाची ते निवडलं की तेवढेच रकाने उघडायचे, आणि त्या विभागाची वस्तू कशी हाताळायची ती सूचना आपोआप वर यायची. पक्षी म्हटलं की ‘हातमोजे घालावेत’. वस्त्र म्हटलं की ‘स्वच्छ, कोरड्या, उघड्या हातांनी उचलावे’. चिठ्ठीताई जाम खूश झाली. सहाही विभागांच्या नोंदी तिने धडाक्याने भरून घ्यायला सुरुवात केली आणि घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

त्यातच टोपीची नोंद झाली.

टोपी बाईमाणसाची, रुंद काठाची, काठाला लेस. आणि वर एक अख्खा छोटा निळा पक्षी, पंख पसरून बसवलेला. कुठल्याशा गायिकेने दिलेली. टोपीवरच्या पक्ष्याचा पंख निखळला होता तेव्हा पक्षीकाकांनी तो बसवून दिला, आणि मग ती वर्षानुवर्षं त्यांच्याच कपाटात पडून राहिली. फळ्यांची हलवाहलव झाली तेव्हा ती शेजारी कपड्यांच्या खोलीत गेली. नोंद करताना चिठ्ठीताईने टोपी बघितली, ‘वस्त्रे’ निवडलं, बटण दाबलं आणि पुढची वस्तू घेतली.

शिवणकाकूंनी नव्या प्रदर्शनासाठी ती टोपी काढली. स्क्रीनवर सूचना वाचली, तशी ती त्यांच्या कायद्याप्रमाणेच होती. हात धुऊन, अंगठ्या काढून, त्यांनी टोपी मांडीवर घेतली, लेस साफ केली, पिसांवरची धूळ फुंकर मारून उडवली. दुसऱ्या दिवशी हात लाल झाले. मग फोड आले, डोळे सुजले आणि काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांना काही उलगडा होईना. शेवटी फळं घेऊन भेटायला गेलेल्या पक्षीकाकांनी सहज विचारलं, “काय काम चाललं होतं तुमचं?”

“ती पक्ष्याची टोपी हो. निळी.”

पक्षीकाकांच्या हातातली पिशवी गळून पडली. “अहो बाई, त्या पक्ष्याला सोमल चोळलेला आहे! उघड्या हातांनी धरलीत?”

जुन्या काळी पेंढा भरताना पक्ष्याच्या कातड्याला आतून सोमल चोळायचे, म्हणजे विष, किडे लागू नयेत म्हणून. ही गोष्ट पक्ष्यांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक. इतकी ठाऊक, की ती कुणी कधी लिहून ठेवलीच नव्हती. हातमोजे घालायचे, बस्स. का घालायचे ते कोण विचारतो? चिठ्ठीताईने स्वतः त्या खोलीत वर्षानुवर्षं मोजे घातले होते. पण त्या खोलीच्या दाराबाहेर पडल्यावर तिला टोपी ही नुसती टोपी दिसली.

दवाखान्यात काकूंनी तिला चांगलं फैलावर घेतलं. “मी तुझ्या मशीनचं ऐकलं गं! लहान पोरासारखं ऐकलं. आणि हे बघ माझे हात!” चिठ्ठीताई खाली मान घालून उभी राहिली. संचालकांनी तिला वर बोलावलं तेव्हा ते रागावलेले नव्हते, नुसते थकलेले होते. “अध्यक्षबाईंना आता कारण आयतं मिळालं,” ते म्हणाले. “त्या म्हणतील, विषारी पक्षी इथे ठेवायचेच कशाला? द्या पाठवून. मी काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.” म्हणजे जे वाचवायला तिने हात वर केला होता, ते आता तिच्याच हाताने बुडत होतं.

त्या संध्याकाळी घरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवायला बसल्यावर सासूबाईंनी भाजीचा पहिला घास तोंडात घातला आणि ताट पुढे सरकवलं.

“सूनबाई, मीठ घातलंस?”

“अगंबाई! चुकलंच हो. लक्षच नव्हतं.”

“माझं ब्लडप्रेशर वाढवून वर पाठवायचा बेत आहे वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “घरात माणसं चार, भाजी एक. मग ज्याचं पथ्य कडक त्याच्या बेतानं शिजवायची आणि बाकीच्यांनी वरून मीठ घ्यायचं. इतकी वर्षं हेच करतेस ना? आज काय झालं?”

नवऱ्याने नजरेने ‘बोलून टाक’ असं सुचवलं. मग तिने सगळं सांगितलं. टोपी, काकूंचे हात, सोमल. आणि इंजिनीअर म्हणतात की एका वस्तूचा एकच विभाग, सॉफ्टवेअरचा पायाच तो. “आता सांगा आई, ती टोपी कपड्यांची म्हणू की पक्ष्यांची? कुठेही घातली तरी चूकच.”

सासूबाईंनी सुनेकडे अशी नजर टाकली, की हिला पगार देतो तरी कोण. “मी कोणाची गं? ह्याची आई, तुझी सासू, नातीची आजी आणि समोरच्या बाईची वैरीण. म्हणून काय माझी चार खोल्यांत चार अंथरुणं घालता का? झोपते एकीकडेच. नाती चार.”

चिठ्ठीताईच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती एकदम हसायलाच लागली, आणि सासूबाईंना वाटलं, पोरीला टेन्शनने काहीतरी झालं.

सकाळी तिने इंजिनीअरांना फोन लावला. “विभाग हा रकानाच काढून टाका,” ती म्हणाली. “त्याच्या जागी दोन घाला. एक, नाती. एका वस्तूला हवी तितकी. टोपी कपड्यांची, पक्ष्यांची, गाण्याचीही, कारण ती गायिकेची. जागा मात्र एकच. आणि दुसरा रकाना, पथ्य. प्रत्येक नात्यासोबत त्याचं पथ्य येईल, आणि स्क्रीनवर सगळ्यात वर दिसेल ते सगळ्यात कडक.”

“ताई, तुम्ही भिंत नाही, पाया हलवायला सांगताय.”

मग तिने त्यांना सासूबाई सांगितल्या. मिठासकट, चार अंथरुणांसकट.

“माझी आईपण आमच्याचकडे असते,” इंजिनीअर म्हणाले. “बघतो काय होतंय.”

त्यांनी पाया हलवला. नाकी नऊ आले, पण हलवला. आणि इकडे चिठ्ठीताईने एक गोष्ट केली जी संग्रहालय सुरू करणारे डॉक्टर गेल्यापासून कुणाला जमली नव्हती. सहाही राजांना एका टेबलाभोवती बसवलं. दाराला आतून कडी घातली नाही इतकंच. म्हणाली, “तुमच्या खोलीत जे सगळ्यांना माहीत आहे आणि कुठेच लिहिलेलं नाही, ते आज बोलायचं.”

मग दगडवाले मामा म्हणाले, “एक पिवळा दगड आहे. त्याला मी जीभ लावत नाही.”

“का?”

“विषारी आहे तो.”

“मग मामा, लिहिलं का नाही कुठे?”

“मला माहीत आहे ना!” मामा म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून ओशाळले. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. त्यानंतर मात्र बांध फुटला. ह्या ढोलाचं कातडं ओल धरतं. त्या चित्राच्या हिरव्या रंगातही विष आहे. त्या रंध्याचं पातं तेल न लावता ठेवलं तर गंजतं, पण तेल लागलं तर शेजारची शाल खराब होते. आणि नाती तर अशी निघाली की विचारू नका. चित्रातला बगळा म्हणजे पक्षीकाकांच्या कपाटातलाच बगळा; चित्रकाराने तो उसना नेऊन समोर ठेवून काढलेला. मासेमारीच्या गळाला बांधलेली पिसं, पंख्यांची पिसं, तंतुवाद्याची तार छेडायची पिसाची काडी. मामांच्या एका दगडावर पक्ष्याच्या पावलाचा ठसा. भांडणंही झाली. दवाखान्यातून नुकत्याच परतलेल्या शिवणकाकू आणि पक्षीकाका टोपीच्या पथ्यावरून तासभर भांडले. मोजे घातले तर लेस अडकते, नाही घातले तर हात जातात. शेवटी तोडगा निघाला तो दोघांच्या भांडणातूनच: सुती मोजे नकोत, हाताला घट्ट बसणारे गुळगुळीत रबरी घालायचे. चिठ्ठीताईने ते तिथल्या तिथे टाइप केलं. तिला त्या क्षणी ह्या सहा हट्टी माणसांचा इतका अभिमान वाटला की तिने कॅन्टीनमधून सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा मागवला.

बैठकीच्या दिवशी मोठ्या खोलीत पडदा लावला होता. विश्वस्त पुढे, विभागप्रमुख मागे, इंजिनीअर कोपऱ्यात घाम पुसत. चिठ्ठीताई उभी राहिली आणि तिने आधी टोपीच उघडली.

“सुरुवात चुकीपासून करते,” ती म्हणाली. “ह्या टोपीची पहिली नोंद मी केली. चूक केली. त्यामुळे आमच्या काकू दवाखान्यात गेल्या. ती चूक मी पुसलेली नाही. टोपीच्या नोंदीत ती आहे, माझ्या नावासकट, म्हणजे पुढच्याला कळेल की पथ्य का पाळायचं.”

खोलीत चुळबुळ झाली. संचालकांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाई मात्र सरसावून बसल्या. न्यायालयात आयुष्य गेलेलं, न विचारता दिलेली कबुली त्यांनी फारशी ऐकली नसावी. “पुढे,” त्या म्हणाल्या.

तिने पुढे दाखवलं. नाव टाका, वस्तू येते. वस्तू उघडा, तिची नाती येतात, पथ्य येतं, जागा येते. आपल्याकडे काय काय आहे? हे एवढं आहे. एकच उत्तर. अध्यक्षबाईंनी चार-पाच वस्तू स्वतः विचारून बघितल्या, एकदा मुद्दाम आडवळणाने, आणि प्रत्येक वेळी उत्तर बरोबर आलं.

“काम उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “पण विष ते विष. पक्षी विद्यापीठाकडे गेले तर इथली माणसं सुरक्षित राहतील. त्यात तुमचं काय बिघडणार?”

“दाखवते,” चिठ्ठीताई म्हणाली, आणि पक्ष्यांशी नातं असलेलं सगळं तिने पडद्यावर मागवलं. पक्षी आले, ते येणारच. मग टोपी. मग पंखे. बगळ्याचं चित्र. गळ. वाद्यं. ठशाचा दगड. यादी वर सरकत राहिली, संपेना, आणि सहाही खोल्यांमधलं काही ना काही तिच्यात होतं. “पक्षी गेले तर ह्या सगळ्याची नाती तुटतील,” ती म्हणाली. “वस्तू राहतील इथे. पण कशाच्या त्या, ते सांगणारं कुणी राहणार नाही.”

अध्यक्षबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिवणकाकू उभ्या होत्या. तळहातांची कातडी अजून सोलवटलेली, ती त्यांनी लपवलीही नाही.

“विष माझ्या हाताला लागलंय, मला बोलू द्या,” त्या म्हणाल्या. “ह्या पक्षीकाकांच्या कपाटात काय आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लागलं. आता मला सगळं माहीत आहे. माहीत असलेलं विष मी सांभाळीन. पण माझ्या टोपीवरचा पक्षी कोणता, हे विचारायला मी दुसऱ्या शहरात जाणार नाही. पक्षी इथून हलायचे नाहीत.”

पक्षीकाकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. अध्यक्षबाईंनी इतर विश्वस्तांकडे बघितलं, कुणाचा आक्षेप दिसेना. “ठरलं,” त्या म्हणाल्या. “संग्रह आहे तसा, एकत्र राहील. आणि हे काम कंपनीचं की तुमचं?”

इंजिनीअर कोपऱ्यातून म्हणाले, “बाई, आमच्याकडे नाती असा रकानाच नव्हता. आता आम्ही तो दुसऱ्या संग्रहालयांनाही देणार आहोत. ह्यांनी परवानगी दिली तर.”

चिठ्ठीताईने परवानगी दिली. नंतर लोक हात मिळवत होते, संचालक काहीतरी बोलत होते, काकूंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला होता, पण तिला घरी जायची घाई झाली होती.

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. नवरा स्वयंपाकघराच्या दारात, मुलगी त्याच्या मागे. सगळे वाट बघत होते आणि वाट बघत नसल्यासारखं दाखवत होते.

“झालं का तुझं ते?” सासूबाईंनी विचारलं.

“झालं. पक्षी राहिले. सगळंच राहिलं.”

“कोणी केलं?”

चिठ्ठीताईच्या जिभेवर आलं होतं की सगळ्यांनी मिळून, इंजिनीअरांनी, तुम्हीच सुचवलंत की. ते खरंही होतं. पण तिने ते गिळलं.

“मी केलं,” ती म्हणाली.

“मग असं तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? चोरी केलीस का?” सासूबाईंनी हात लांब करून खिडकीचं दार ढकललं. समोरच्या घराच्या पायरीवर त्यांची वैरीण भाजी निवडत बसली होती. “इकडे ये. मोठ्यानं सांग. तिला ऐकू गेलं पाहिजे.”

चिठ्ठीताई खिडकीशी गेली, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने सांगितलं.